सायलेंट हिल २ (पीएस२) : व्हायब्रेशन नसेल तर हा गेम अर्धाच

कोनामीचा हा प्लेस्टेशन २ वरचा भयपट छापाचा गेम २००१चा. धुकं, रेडिओ, मेलेल्या बायकोचं पत्र घेऊन गावात आलेला जेम्स, हे सगळं माहीत असलेल्यांसाठीच लिहितोय, त्यामुळे कथा पुन्हा सांगत बसत नाही. पहिला भाग खेळला नसेल तरी चालतं, पात्रं नवीन आहेत. शेवटांबद्दल मात्र बोलणार आहे, तेव्हा खेळायचा बाकी असेल तर इथेच थांबा.

तर कंट्रोलर. सेकंडहँड घेतला, स्वस्तात. बटणं ठीक, स्टिक ठीक, व्हायब्रेशन बंद. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "व्हायब्रेशन काय, नुसती शोभा. गेम चालतोय ना?" परत घ्यायला साफ नकार. आधीच्या काही गेममध्ये खरंच फरक पडला नव्हता, म्हणून मीही वाद सोडून दिला.

या गेममध्ये पडतो, आणि भरपूर पडतो. स्क्रीनवर हेल्थ बार नाही. तब्येत बघायची तर खेळ थांबवून इन्व्हेंटरी (जवळच्या वस्तूंची यादी) उघडायची आणि तिथला रंग बघायचा. एरवी ते काम कंट्रोलर करतो : जेम्सची हालत खराब झाली की हातात हृदयाच्या ठोक्यांसारखी थरथर सुरू होते. माझ्या हातात प्लास्टिकचा मुका ठोकळा. त्यात माझा स्वभाव असा की हेल्थ ड्रिंक दिसलं की खिशात, प्यायचं नाही. पुढे लागेल. हॉस्पिटलपर्यंत माझ्याकडे बाटल्यांचा साठा झाला होता आणि जेम्स बिचारा धापा टाकत फिरत होता.

गोळ्यांच्या बाबतीत ही काटकसर छान चालते. नॉर्मलवर गोळ्या मुबलक मिळतात, आणि एकट्यादुकट्या राक्षसाला फळी पुरते. ब्लू क्रीक अपार्टमेंट्सच्या जिन्यातला पिरॅमिड हेड (डोक्यावर लोखंडी पिरॅमिड असलेला राक्षस) तर एकही गोळी न झाडता, नुसता त्याच्यापासून लांब पळत राहून वेळ काढला तरी निघून जातो. मी तिथे मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. मारामारी एरवी ओबडधोबडच आहे. अरुंद कॉरिडॉरमध्ये कॅमेरा भलतीकडेच बघत असतो, कंट्रोलरवरचं एलटू बटण दाबून त्याला सारखं मागे ओढावं लागतं. याची सवय मला आजही नाही.

आणि मग शेवट आला. या गेमला अनेक शेवट आहेत, मला मिळाला 'इन वॉटर', म्हणजे जेम्स जीव देतो तो. सगळ्यांत काळा. भडकलोच. असं काय केलं होतं मी? कोणता पर्याय निवडला? कुठे विचारलंच नव्हतं.

उत्तर नंतर कळलं. गेम विचारत नाही, बघत असतो. जखमी जेम्सला तसाच किती वेळ फिरवलात, गावात भेटणाऱ्या अँजेलाची सुरी इन्व्हेंटरीतून काढून किती वेळा न्याहाळलीत, बायकोचा, म्हणजे मेरीचा, फोटो आणि पत्र उघडून बघितलंत का, मेरीसारख्याच दिसणाऱ्या मारियाजवळ राहिलात की तिला मागे टाकून पळालात. जो जखमा तशाच अंगावर काढतो, त्याला जगायची फारशी इच्छा दिसत नाही, असा गेमचा हिशेब. म्हणजे मी बाटल्या वाचवत होतो आणि गेम समजत होता की जेम्सला मरायचंय! सुरुवातीला हा मला निव्वळ अन्याय वाटला. चार बाटल्या राखून ठेवणाऱ्याला ही शिक्षा?

मग कंट्रोलर उघडला. डाव्या मुठीतल्या मोठ्या मोटरची तार मुळातून सुटलेली, उजवीकडच्या लहान मोटरचीही तीच गत. सोल्डरचा डाग मारून तारा जोडल्या, स्क्रू आवळले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी पहिली थरथर आली तेव्हा दचकलो ते राक्षसाला नाही, हाताला. आणि मुकाट्याने बाटली उघडली. मध्ये मध्ये पत्रही वाचत राहिलो. शेवटाकडे त्या पत्रातला मजकूरच नाहीसा होतो, हे पहिल्या फेरीत माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण मी ते एकदा वाचून ठेवून दिलेलं. या फेरीत 'लीव्ह' मिळाला, म्हणजे जेम्स गाव सोडून जातो तो शेवट. त्यामुळे आधीचं मत मागे घेतो : हिशेब चोख आहे. फक्त तो कळायला हातातलं यंत्र धड हवं.

बाकी थोडक्यात. संगीतकार आकिरा यामाओकाचं संगीत आणि आवाज हेडफोन लावूनच ऐका. कोड्यांची आणि मारामारीची काठिण्यपातळी वेगवेगळी ठेवता येते, ही सोय मला फार आवडली. कोडी हार्डवर ठेवली की नाण्यांच्या कोड्यातली कविताच बदलते. एकदा गेम संपला की चित्रावरचा दाणेदार थर बंद करता येतो. करू नका, सगळं प्लास्टिकचं दिसायला लागतं. २०१२च्या एचडी कलेक्शनमध्ये (नव्या कन्सोलसाठी काढलेल्या आवृत्तीत) धुकं जसं बिघडलं ते बघता जुनी डिस्क आणि जुना कन्सोल सांभाळून ठेवलेला बरा.

सध्या मारियाच्या शेवटाच्या मागे आहे. तिच्या आसपास राहायचं, तिला धक्का मारायचा नाही. आणि ही बाई दर दरवाज्यात नेमकी मध्ये उभी!