सर पर्सी स्कॉट यांची कारकीर्द आणि एक सशुल्क अहवाल

ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी शोधून त्यांवरून कारकिर्दीचा अहवाल तयार करून देणारी एक सशुल्क सेवा मी नुकतीच वापरून पाहिली. उत्तर तपासता यावे म्हणून ज्यांच्याविषयी मला आधीच बरेच ठाऊक होते, त्या, ब्रिटिश नौदलाच्या तोफबाजीत सुधारणा घडवणाऱ्या ॲडमिरल सर पर्सी स्कॉट यांचेच नाव मी मुद्दाम दिले.

सांगाड्याच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. १८५३ मधील जन्म, १८६६ मध्ये कॅडेट म्हणून प्रवेश, १८९३ मध्ये कॅप्टन, १९०५ मध्ये रिअर-ॲडमिरल, १९१३ मध्ये निवृत्ती आणि १९२४ मध्ये निधन हा क्रम अचूक आहे. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील नोंदी, नेव्ही लिस्ट (नौदल अधिकाऱ्यांची छापील यादी) आणि लंडन गॅझेट (सरकारी राजपत्र) यांचा मेळही नीट घातलेला आहे. ज्यांना घरातील एखाद्या पूर्वजाच्या नेमणुका केवळ क्रमाने लावून हव्या आहेत, त्यांचे काम एवढ्यावर भागेल.

अडचण सुरू होते ती नोंदींचा अर्थ लावताना. १९०३ पासूनच्या ‘एक्सलंट’ या नेमणुकीचे वर्णन अहवालाने ‘युद्धनौकेचे नेतृत्व’ असे केले आहे. वस्तुतः ‘एक्सलंट’ ही पोर्ट्समथजवळच्या व्हेल आयलंडवरील तोफविद्येची शाळा होती. किनाऱ्यावरच्या संस्थांनाही जहाजाचे नाव देण्याची त्या नौदलाची रीत ज्याला माहीत नाही, त्याने या नोंदींना हात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. रिअर-ॲडमिरलपद हे तोफबाजीतील कामगिरीचे बक्षीस असल्याचे विधानही असेच चुकीचे आहे. कॅप्टन होईपर्यंत अधिकाऱ्याची निवड होत असे. त्यापुढे मात्र जागा रिकामी होईल तसतशी ज्येष्ठतेनुसार बढती मिळे. दोन नेमणुकांमधील अर्धवेतनाचा काळ म्हणजे वरिष्ठांची खप्पामर्जी, हाही गैरसमज. शांततेच्या काळात अर्धवेतनावर थांबणे ही त्या नौदलात नित्याची बाब होती.

सर्वांत खटकले ते ‘सिला’ या क्रूझरचे प्रकरण, कारण ते अहवालात अवघ्या दीड ओळीत आटोपले आहे. स्कॉट यांचे नाव झाले ते याच जहाजावर. त्या काळी जहाज हेलकावत असताना दृष्टिरेषा लक्ष्यावरून जाईल त्या क्षणाची गोलंदाज वाट पाहत असे आणि नेमक्या त्या क्षणी तोफ डागत असे. भूमध्य समुद्रात सरावाच्या वेळी एक गोलंदाज मात्र तोफेची नळी वरखाली करणारे चाक सतत फिरवून हेलकाव्यांबरोबर नेम धरून ठेवत असल्याचे स्कॉट यांना दिसले. एकाच्या हाताला जे सहज साधले होते ते सर्वांना साधावे म्हणून त्यांनी त्या चाकाच्या दात्यांचे प्रमाण बदलले, तोफेचा धक्का डोळ्याला बसणार नाही अशा दुर्बिणी बसवल्या आणि दारूगोळा न दवडता नेमाचा सराव करता यावा यासाठी ‘डॉटर’ नावाचे साधन तयार केले. परिणामी १८९९ च्या नौदलाच्या तोफबाजी स्पर्धेत ‘सिला’च्या ७० गोळ्यांपैकी ५६ लक्ष्यावर लागले. हा आकडा अहवालात नाही, आणि तो नसेल तर ‘टेरिबल’ या क्रूझरवरील पुढची नेमणूक, व्हेल आयलंडची शाळा आणि १९०५ मधील लक्ष्यवेध-सरावाचे निरीक्षकपद यांच्यातला दुवा वाचकाला सापडणार तरी कसा? बोअर युद्धात जहाजावरील ४.७ इंची तोफा जमिनीवर वापरता याव्यात म्हणून त्यांनी बनवलेल्या गाड्यांचा उल्लेख आहे, तोही ओझरता.

१९०७ चे प्रकरण ‘वरिष्ठांशी मतभेद’ एवढ्यावर मिटवले आहे. जर्मन सम्राटाच्या भेटीनिमित्त स्कॉट यांचे वरिष्ठ, ताफ्याचे सेनापती लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी जहाजे रंगवून घेण्याचा आदेश दिला होता. तोफांचा सराव पुढे चालू ठेवू पाहणाऱ्या ‘रॉक्सबर्ग’ या आपल्या हाताखालच्या क्रूझरला स्कॉट यांनी संदेश पाठवला की, तोफबाजीपेक्षा रंगकामाला अधिक मागणी दिसते, तेव्हा वेळेत परतून नटून घ्यावे. बेरेसफर्ड यांनी त्यांची उघड कानउघाडणी केली. माणसाचा स्वभाव, आणि तोफबाजीबद्दल वाटणारी त्याची तळमळही, एवढ्या स्पष्टपणे दाखवणारा प्रसंग गाळून अहवालाने नेमके काय वाचवले हे मला कळले नाही.

१९१२ मधील ‘थंडरर’ आणि ‘ओरायन’ या युद्धनौकांच्या तुलनात्मक चाचणीला मात्र अहवालाने न्याय दिला आहे. सर्व जड तोफांचा नेम उंचावरच्या एकाच ठिकाणाहून धरण्याची स्कॉट यांची पद्धत ‘थंडरर’वर बसवलेली होती आणि तिने ‘ओरायन’ला सहज मागे टाकले, हे मुद्देसूद सांगितले आहे. १९१५ मधील लंडनच्या विमानविरोधी तोफांच्या जबाबदारीविषयीचा परिच्छेदही नेटका आहे.

एकदा विनामूल्य दुरुस्ती करून मिळते, म्हणून वरील आक्षेप मी लेखी कळवले. ‘एक्सलंट’ची चूक सुधारली गेली आणि ‘सिला’विषयी चार ओळींची भर पडली, अर्धवेतनाचे वाक्य मात्र नव्या प्रतीतही जसेच्या तसे आहे.