फोर्कलिफ्ट: लेड-ॲसिड बॅटरी की हायड्रोजन?

तीन पाळ्यांचं गोदाम असेल तर हा प्रश्न खरा वेळेचा आहे. लेड-ॲसिड बॅटरीला चार्जिंगला साधारण 8 तास लागतात, थंड व्हायला जवळपास तितकेच. म्हणून एका गाडीमागे दोन-तीन बॅटऱ्या, त्या उचलायला क्रेन आणि स्वतंत्र चार्जिंग खोली. हायड्रोजनची टाकी 350 बार दाबाने तीनेक मिनिटांत भरते.

शीतगृहात बॅटरीची क्षमता घटते आणि पाळी संपता संपता गाडी मंदावते. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीत फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणारं यंत्र असतं; त्याची ताकद टाकी रिकामी होईपर्यंत टिकते.

देखभाल? बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घालावं; आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं. फ्युएल सेलचे फिल्टर बदलावे लागतात, आणि हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड असेल तर सेलमधलं प्लॅटिनम, म्हणजे वीज बनवणारी क्रिया घडवून आणणारा धातू, निकामी होतं. गळतीची भीती दोन्हीकडे आहे: चार्ज होताना बॅटरीही हायड्रोजनच सोडते!

खर्चात मात्र हायड्रोजन मार खातो. साठवण टाकी, कॉम्प्रेसर, डिस्पेन्सर हा खर्च दहा गाड्यांवर वसूल होत नाही. अमेरिकेत वॉलमार्ट, ॲमेझॉनसारख्यांनी तो मोठ्या ताफ्यांसाठी केला.

एक-दोन पाळ्या, मोजक्या गाड्या: बॅटरीच. चोवीस तास काम, शंभरेक गाड्या, हायड्रोजनचा खात्रीचा पुरवठा: फ्युएल सेल. मधल्यांनी आधी लिथियम-आयन बघावी. जेवणाच्या सुट्टीतही ती चार्ज करता येते.