हात शेकल्याशिवाय तपासणी सुरू केली नाही

दादर पश्चिमेच्या एका तपासणी केंद्रात जुलैमध्ये आईच्या उजव्या हाताची नर्व्ह कंडक्शन, म्हणजे मज्जातंतूतून (नसेतून) संदेश किती वेगाने जातो याची तपासणी करून घेतली. अंगठा आणि शेजारची दोन बोटे रात्री बधिर होत आणि शिवताना सुई हातातून गळून पडे. हाताला तेल-क्रीम लावू नका, बांगड्या-अंगठ्या काढून या, हे केंद्राने फोनवरच सांगितले होते आणि पेसमेकर आहे का, हेही विचारले होते.

भर पावसात गेल्यामुळे आईचे हात गारठले होते. तंत्रज्ञ ताईंनी आधी त्वचेचे तापमान मोजले, ते 28 अंश निघाले. ‘काकू, आधी हात शेकू या, नाहीतर आकडे चुकीचे येतील,’ असे म्हणत त्यांनी गरम पाण्याची पिशवी दिली आणि तापमान 32 अंशांवर गेल्यावरच यंत्र लावले. मला ही काळजी सर्वांत मोलाची वाटते. नसेतला संदेश तारेतल्या विजेसारखा वाहत नाही. एरवी चेतातंतूच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण विद्युत दाब असतो. आवरणातली सूक्ष्म द्वारे उघडून सोडियमचे आयन आत शिरले की तेवढ्या जागी तो क्षणभर उलटतो, त्याने पुढची द्वारे उघडतात आणि संदेश सरकत जातो. थंडीत ही द्वारे संथ होतात, म्हणून गारठलेल्या हातातली निरोगी नसही आजारी भासू शकते.

अंगठ्याच्या मुळाशी चकती चिकटवून ताईंनी आधी मनगटावर, मग कोपराशी हलका झटका दिला. आईने काही न करताच अंगठा उडाला. ती दचकली आणि मग त्याच्याकडे बघतच राहिली. दोन जागांमधले अंतर टेपने मोजून त्याला वेळेतल्या फरकाने भागतात. कोपर ते मनगट हा वेग सेकंदाला 54 मीटर, म्हणजे चांगला आला. मनगटापासून अंगठ्यापर्यंत मात्र, जिथे साधारण 4.5 मिलिसेकंदांच्या आत संदेश पोहोचायला हवा, तिथे 6.1 लागले. मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली गेली की तिच्यावरचे, संदेशाला वेग देणारे मायलिनचे वेष्टण झिजते आणि संदेश तिथे रेंगाळतो.

वेळ ठरवूनही पन्नास मिनिटे बसावे लागले, ते सोसले. अहवाल मात्र नुसत्या आकड्यांचा होता आणि तो समजावून सांगायला कोणीच नव्हते. ‘दोष मनगटात आहे’ एवढे जरी कोणी सांगितले असते, तरी डॉक्टरांची भेट होईपर्यंतचे दोन दिवस आईने मेंदूलाच काही झाले असावे या धास्तीत काढले नसते.