जळगावातील कॉपीराइट नोंदणी सेवा: सल्ला चोख, हिशेब मोघम

माझ्या चार अहिराणी गीतांच्या नोंदणीसाठी मी जळगावातील एका सल्ला केंद्राची सेवा घेतली. केंद्राच्या फलकावर ‘नोंदणीशिवाय हक्क नाही’ असे ठळक लिहिले आहे, ते साफ चुकीचे आहे. 1957 च्या कायद्यानुसार रचना कागदावर उतरली की कवीला हक्क मिळतो. नोंदणी ऐच्छिक असून वाद उद्भवल्यास ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते. तेथील वकीलबाईंनी विचारताच हे मान्य केले, फलक मात्र अजून तसाच आहे.

बाईंचे काम मात्र बारकाईचे होते. मी पैसे भरून ज्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून घेतले, त्याच्या पावतीमागे ‘सर्व हक्क राखीव’ असा शिक्का होता आणि त्यामुळे गीते हातची गेली, अशी माझी समजूत झाली होती. बाईंनी पावती उलटसुलट करून पाहिली, माझी सही कुठेच नाही हे दाखवले आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार व देणाऱ्याची सही लागते, हे समजावले. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, हेही मला तेव्हाच कळले. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क निरनिराळे असल्याने चाल बांधणाऱ्या मित्राचा त्याच्या चालीवरील हक्क त्यांनी अर्जात कुठेही माझ्या नावावर येऊ दिला नाही.

चौथे गीत खानदेशातल्या कानबाई देवीच्या पारंपरिक गाण्यावर बेतलेले आहे. ‘हाई बठं तुम्हीच लिखेल शे का?’ (हे सगळे तुम्हीच लिहिले आहे का?) असे विचारून त्यांनी ध्रुपदाखाली पेन्सिलीने रेघ ओढली, कारण ते लोकांचे आहे. दावा फक्त माझ्या कडव्यांपुरता लिहिला. खानदेशातल्या गीतकारांनी ही रेघ आपल्या वहीत स्वतःच ओढून पाहावी.

तक्रार पैशांबाबत आहे. साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क प्रत्येकी 500 रुपये, म्हणजे चार गीतांचे 2000 होतात. केंद्राने एकरकमी 9000 घेतले आणि पावतीवर फोड दिली नाही. डायरी क्रमांक, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते, हेही पैसे भरल्यानंतर सांगितले. ऑनलाइन अर्ज स्वतः भरता येतो. ज्यांची रचना सर्वस्वी स्वतःची आहे आणि कोणाशी करार झालेला नाही, त्यांनी हा खर्च करू नये. माझ्यासारखा गुंता असेल तर जावे, मात्र शुल्काची फोड आधी लिहून घ्यावी.