रिसायकल्ड कापडाची ४० लिटरची सॅक: दोन पावसाळ्यांनंतर

हरिश्चंद्रगडाच्या गुहेत स्लीपिंग बॅग उलगडली तर तिच्यावर पांढरे पापुद्रे. टॉवेलवर तेच, थेपल्यांच्या डब्यावर तेच. सॅकमध्ये हात घातला तर आतून चिकट, वास आंबूस. घेऊन जेमतेम दोन पावसाळे झाले होते.

रिसायकल्ड नायलॉन, ९०० ग्रॅम, ७,२०० रुपये. जुनी सॅक रिकामीच दोन किलोंच्या वर भरायची, कसारा लोकलच्या गर्दीत ती घेऊन उभं राहणं जिवावर यायचं. ही पाठीवर आहे हे कळतही नाही. राजमाचीला करवंदीच्या जाळीत चांगली ओढली गेली, एक धागा निघाला नाही. पट्टे, शिवण, चेन आजही ठणठणीत.

पण आतला लेप! ते पांढरे पापुद्रे त्याचेच. पाणी अडवायला कापडाला आतून पॉलियुरेथेन म्हणजे पीयू लावतात. त्यातला पॉलिएस्टर जातीचा पीयू हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातो. कपाटात पडून राहिलेल्या बुटांचे सोल गडावर अचानक सुटतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. पॉलिइथर जातीचा बराच जास्त टिकतो. सिलिकॉन तर ओलाव्याला दादच देत नाही, पण त्यावर शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून लावायची टेप चिकटत नाही, म्हणून आतल्या बाजूला पीयू येतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा ८० टक्क्यांहून दमट असते. इथे सॅक विकणाऱ्याने याचा विचार करायलाच हवा होता.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं: ही नैसर्गिक झीज आहे, वॉरंटी फक्त शिवण आणि चेनची, नव्या सॅकवर २५ टक्के सूट घ्या. पुन्हा लेप लावून मिळेल का? नाही. लेप कुठल्या जातीचा होता? उत्तरच नाही. मग या सॅकचं काय करू विचारलं तर म्हणे टाकून द्या. कचऱ्यातून कापड केलं म्हणून ज्यांनी जास्त पैसे घेतले, त्यांनीच धडधाकट सॅक कचऱ्यात टाकायला सांगावं, याचा मला अजून राग आहे.

एक तारा देणार होतो. त्याआधी एक उपाय करून पाहिला. बादलीत कोमट पाणी, खायचा सोडा, सॅक उलटी करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, रात्रभर भिजवली. सकाळी मऊ ब्रशने घासली तसा लेप सायीसारखा सुटत आला. तो चुरा म्हणजे प्लास्टिकच, म्हणून पाणी मोरीत न ओतता जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. मूठभर निघाला. खालचं कापड नव्यासारखं! आता पाणी अडवायला आत साखरेच्या पोत्यातली जाड प्लास्टिकची पिशवी घालतो, वाण्याने फुकट दिली. सप्टेंबरात कळसूबाईला बारी गावापासून माथ्यापर्यंत पावसाने झोडपलं, सॅक बाहेरून निथळत होती आणि आतले कपडे कोरडे.

म्हणून सॅकला चार तारे, कंपनीला एकच. हिला आणखी दहा वर्षं मरण नाही, आणि ती सूट मी वापरणार नाही.

तुमच्या सॅकचा लेप अजून शाबूत असेल तर ट्रेकहून आल्यावर उलटी करून दोन दिवस पंख्याखाली वाळवा. माझी पोटमाळ्यावर घडी घालून दाबलेली असायची, ती चूक झाली. आता खिडकीजवळच्या खुंटीला मोकळी टांगलेली असते.