इराक्लिओचे पुराणवस्तुसंग्रहालय: मूळ किती, भरलेले किती

क्रीट बेटावरील इराक्लिओ शहरातले पुराणवस्तुसंग्रहालय २००६ साली नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले आणि त्याची सर्व दालने २०१४ साली पुन्हा खुली झाली. क्रीटवरील कांस्ययुगीन मिनोअन संस्कृतीच्या अवशेषांचा सर्वांत मोठा संग्रह येथे आहे, हे आधी वाचले होते. परंतु नव्या मांडणीचे खरे मोल प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळले. समोरच्या वस्तूचा कोणता भाग साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि कोणता विसाव्या शतकात भरून काढलेला आहे, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पारखता येते.

क्नोसॉस या मिनोअन राजवाड्याच्या उत्खननात सापडलेले काळ्या दगडाचे बैलाचे मस्तक हे याचे उत्तम उदाहरण आहे. हे प्रत्यक्षात अर्घ्यपात्र आहे. मानेजवळच्या छिद्रातून द्रव भरायचा आणि तोंडाजवळच्या छिद्रातून ओतायचा, अशी त्याची रचना आहे. नाकपुड्यांभोवती पांढऱ्या शिंपल्याची पट्टी बसवलेली असून डोळा स्फटिकाचा आहे आणि त्यातली बाहुली अशी रंगवली आहे की आपण एक पाऊल बाजूला सरकलो तरी बैल आपल्याकडेच पाहत असल्याचा भास होतो. मात्र मस्तकाची एक बाजू आणि सोनेरी शिंगे नंतरची आहेत. काचेच्या पेटीभोवती सावकाश फिरले की मूळ दगडावरचे बारीक कोरीव केस आणि नवी भर यांतला फरक लक्षात येतो. मी या एका पेटीपाशी वीस मिनिटे उभी होते आणि ती वीस मिनिटे सार्थकी लागली.

वरच्या मजल्यावरचे भित्तिचित्रांचे दालन तर याच दृष्टीने पाहायला हवे. क्नोसॉसचे उत्खनन ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ सर आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली हाती घेतले आणि मिळालेल्या तुकड्यांवरून चित्रे पूर्ण करण्याचे काम झिलिएरों या चित्रकार पितापुत्रांकडे सोपवले. आज जगभर पोहोचलेला ‘लिलीच्या फुलांचा राजपुत्र’ मुख्यतः मुकुट, धड आणि पाय यांच्या तुकड्यांवर उभा आहे. चेहरा चित्रकाराने भरलेला आहे आणि हे सगळे तुकडे एकाच व्यक्तीचे आहेत की नाहीत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. केशराची फुले वेचणारा म्हणून रंगवलेला निळा मुलगा तर मुलगा नसून माकड असल्याचे पुढे पुरातत्त्वज्ञ निकोलाओस प्लॅटन यांनी दाखवून दिले. हे ठाऊक असले की मूळ गिलाव्याचे खडबडीत तुकडे भोवतीच्या गुळगुळीत रंगातून आपोआप वेगळे दिसू लागतात. इव्हान्स यांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे, पण चित्र अपुरे राहू देण्याचा संयम त्यांनी दाखवायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

१९०८ साली क्रीटवरील फाइस्टोस या राजवाड्यात सापडलेली चकती मात्र जशी मिळाली तशीच समोर आहे. जेमतेम सोळा सेंटिमीटर व्यासाच्या या मातीच्या चकतीवर, दोन्ही बाजूंनी, पंचेचाळीस वेगवेगळी चिन्हे ओल्या मातीत ठसे दाबून गोलाकार ओळींत उमटवलेली आहेत आणि त्यांचा सर्वमान्य उलगडा अजून झालेला नाही. हडप्पाच्या मुद्रा पाहताना जी हुरहुर लागते, तीच येथेही लागते. क्रीटवरीलच मालिआ येथे सापडलेले सोन्याचे लोलक इतके लहान आहे की घाईत ते नजरेतून सुटू शकते. पोळ्याभोवती समोरासमोर बसलेल्या दोन मधमाश्या आणि त्यांच्या पायांत मधाचा थेंब, असा तो दागिना असून त्यावर सोन्याचे मोहरीहून बारीक रवे ओळीने बसवले आहेत. उत्तरकालीन रोमन शिल्पे मी धावतीच पाहिली.

सहल कंपनीने आम्हाला येथे एकच तास दिला होता, म्हणून मला दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे यावे लागले. दोन मजल्यांवरच्या सत्तावीस दालनांसाठी निदान तीन तास हाताशी ठेवावेत आणि सुमारे पाच किलोमीटरवरचे क्नोसॉस आधी पाहून मग येथे यावे, कारण तेथील भिंतींवर भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत आणि मूळ अवशेष या इमारतीत आहेत.

क्रीटवरील हागिया त्रिआदा येथे सापडलेल्या चुनखडीच्या शवपेटीभोवती पूर्ण फेरी मारायला विसरू नये. लांब बाजूंवरचा बैलाचा बळी, बासरीवादक आणि पात्रात द्रव ओतणाऱ्या स्त्रिया सर्वांच्या नजरेत भरतात. पण अरुंद बाजूवर पंखवाले ग्रिफिन (सिंहाचे धड आणि गरुडाचे डोके असलेले काल्पनिक प्राणी) जुंपलेला रथ आहे आणि त्यात दोन स्त्रिया उभ्या आहेत. माझ्यासमोर आलेले बहुतेक जण तो न पाहताच पुढे गेले.