कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, कुठली घ्यावी, टिअरड्रॉप का उभं राहता येणारी? आणि ओढायला बोलेरो बास होते का?

दिवाळीपासून तीन जणांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. दोन्ही वापरून झाल्यात माझ्या. आधी सेकंडहँड बॉक्स टाइप, आत ताठ उभं राहता येतं तसली, ती दीड वर्ष ठेवली. आता दोन वर्षं झाली टिअरड्रॉप आहे, थेंबाच्या आकाराची बुटकी, आत नुसती गादी आणि मागचं झाकण वर केलं की ओटा. आमच्या गल्लीत मात्र दोन्हीचं नाव ट्रॉलीच. पहिली आणली त्या दिवशी समोरचा मित्र गेटवर येऊन म्हणाला, काय बे, ऊस वाहायला घेतलास का.

बॉक्सबद्दल वाईट बोलायचं नाही हे आधीच सांगतो. पाऊस लागला की चौघं आत बसून चहा करतात, आईला आत नीट साडी नेसता येते, आणि आत उभं राहून पँट घालता येणं हे किती मोठं सुख आहे ते टिअरड्रॉपमधी आडवं पडून पँट चढवताना कळतं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी सरळ बॉक्स घ्या म्हणेन, पुढचं वाचायची पण गरज नाही.

पण वजन. निघताना एकदा सगळं सामान, पाणी, सिलिंडर भरून रस्त्यावरच्या काट्यावर दोन्हींचं वजन करून घेतलं. बॉक्स ९८० किलो निघाली, टिअरड्रॉप ५२०. कागदावर फरक एवढा वाटत नाही पण घाटात वाटतो. आपल्याला सोलापुरातून कोकणात जायचं तर १६६ नंबरचा हायवे मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर करत थेट रत्नागिरीला जातो आणि मधी आंबा घाट. तो उतरताना जवळपास एक टन मागून ढकलतंय हे पायाला, पाठीला, सगळ्याला कळतं. सेकंड गिअरमधी उतरलो आणि खाली येऊन दहा मिनिटं गाडी बंद करून नुसता बसलो. माझ्या बॉक्सला स्वतःचा ब्रेक नव्हता, ही माझीच चूक, स्वस्त मिळाली म्हणून घेतली. बॉक्स घ्यायचीच तर इनर्शिया ब्रेकवाली घ्या, गाडीने ब्रेक मारला की ट्रॉली पुढे रेटते आणि त्याच रेट्याने तिचा ब्रेक लागतो तो प्रकार.

हवेचं पण आहे. पुणे रोडला उजनीच्या पट्ट्यात मोठा ट्रक बाजूने गेला की बॉक्स आधी बाहेर ढकलल्यासारखी होते आणि मग त्याच्याकडे ओढली जाते, शेपूट हलतं. यातलं निम्मं सामान कसं भरलंय त्यावर असतं हे मला उशिरा कळलं. हुकवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पाहिजे, कमी पडला की डोलते. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो, बायकोचा डाएटवाला काटा पुढच्या छोट्या चाकाखाली ठेवतो आणि बघतो, टिअरड्रॉपला साधारण ६० येतात. कमी असेल तर पाण्याचा कॅन पुढे सरकवायचा. बायको म्हणते माझ्यापेक्षा जास्त वेळा तुमची ट्रॉलीच काट्यावर चढते.

हे सगळं चाललं असतं मला. ज्याच्यामुळे विकली ती गोष्ट वेगळी आहे, रिव्हर्स.

गणपतीपुळ्याहून येत होतो, जुळे सोलापुरात शिरलो तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला. आमची गल्ली एका टोकाला बंद, म्हणजे पुढून जाऊन वळून यायची सोय नाही, गेटमधी घालायची तर मागेच घ्यायची. एका बाजूला कोणाची तरी ॲक्टिव्हा, दुसऱ्या बाजूला बांधकामाची वाळू, बायको मोबाईलचा टॉर्च धरून मागे उभी, ती ये ये म्हणते म्हणून मी घेतोय आणि थांब म्हणेपर्यंत ट्रॉली काटकोनात. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. क्लचचा वास यायला लागला, कुत्री गोळा झाली, दोन घरातले लाइट लागले, मुलगा मागच्या सीटवर ढाराढूर. पाऊण तासाने नाद सोडला, गल्लीच्या तोंडाशीच ट्रॉली लावली आणि ती कोणी ओढून नेऊ नये म्हणून मी आतच झोपलो, स्वतःच्या घरापासून पन्नास पावलांवर. सकाळी दूधवाल्याने दार वाजवून विचारलं, साहेब, वहिनींनी बाहेर काढलं का?

नंतर शिकलो मी रिव्हर्स, ते पण हुरड्याला गेलो होतो त्या शेतावरच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरकडून. तो पठ्ठ्या फोनवर बोलत एका हाताने ट्रॉली मागे घालायचा. त्याने सांगितलेलं असं, स्टेअरिंग खालून धरायचं आणि ट्रॉलीचं बूड जिकडं न्यायचंय तिकडं हात न्यायचा, डोकं चालवायचंच नाही. खरंच जमतं. पण मोकळ्या रानात जमतं, गल्लीत ॲक्टिव्हा असतीच.

आता गंमत बघा, टिअरड्रॉप मागे घ्यायला सोपी नाही, उलट अवघड आहे, कारण जेवढी आखूड तेवढी पटकन तिरकी होते. पण ती मी मागे घेतच नाही. गेटसमोर हुकमधून सोडवतो, पुढचं छोटं चाक खाली करतो आणि मी आणि मुलगा हाताने ढकलून आत घालतो, गेटच्या उतारापुरती बायको हात लावते. पाच मिनिटं. बॉक्स अशी ढकलायला गल्ली उठवावी लागेल. माझ्यासाठी निकाल इथेच लागला, बाकी सगळं नंतर जोडलेली कारणं आहेत असं म्हणलं तरी चालेल.

गाडीचं थोडक्यात. माझी बोलेरो, ७५ हॉर्सपॉवर, टॉर्क म्हणजे ओढायची ताकद २१० न्यूटन मीटर. ऐकायला काहीच नाही, पण खाली चासी आहे, मागे स्प्रिंगच्या जागी पाटे आहेत, आणि ओढ मागच्या चाकांना आहे, म्हणजे हुकवर भार पडला की ओढणाऱ्या चाकांवरच पडतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत उलट होतं, मागे भार आला की पुढची पकड हलकी, आणि आपल्या काळ्या मातीत एक सर पडून गेली की कळतं. तशी काळ्या मातीत बोलेरोही रुतते, खोटं कशाला बोलू. टिअरड्रॉप घेऊन चौथ्या गिअरमधी ७० ला आरामात जाते, ॲव्हरेज पंधराचं बारावर येतं. बॉक्सला मात्र चढावर तिसरा, कधी दुसरा, आणि एसी बंद.

मेहुण्याची इनोव्हा क्रिस्टा पण लावून बघितली, ३४३ न्यूटन मीटर, बॉक्स मागे आहे हे विसरायला होतं, सीटा पण आपल्यापेक्षा कितीतरी बऱ्या. मागे कॉइल स्प्रिंग असल्यामुळे आम्ही हुकवर जास्त भार टाकला तेव्हा मागून बसली आणि समोरचे ट्रकवाले लाइट मारायला लागले, पण भरलं आम्हीच चुकीचं होतं. बॉक्स घेणार असाल तर क्रिस्टा नाहीतर स्कॉर्पिओ, असं मला तरी वाटतं. इसुझूचा तो पिकअप, व्ही-क्रॉस, ओढायला दणकट आहे, पण ती स्वतःच एवढी लांब की माझ्या गल्लीत नुसती तीच मागे घ्यायला टॉर्च लागेल. गाडी कुठलीही असो, हूक बसवायच्या आधी मॅन्युअलमधी ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि वॉरंटीचं लेखी विचारून घ्या.

कागदपत्रात दोन गोष्टी लोक विसरतात. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर पण ट्रेलरवर दिसायला पाहिजे. मेहुण्याच्या गाडीला लावायची तर त्याच्या एमएच १३ ची वेगळी पाटी करून ठेवलीय मी.

उन्हाळ्याचं विचारू नका. एप्रिल-मेमधी आपल्याकडे दोन्ही भट्ट्याच आहेत, बॉक्समधी एसी बसतो पण त्याला वीज कुठून आणणार. आमचा सीझन हुरड्याचा, थंडीतला, आणि तेव्हाच कारखाने चालू असतात म्हणून रस्त्यावर टेल लाइट नसलेल्या उसाच्या डबल ट्रॉल्या. अंधार पडायच्या आत मुक्कामाला लागतो.

तरी बॉक्सच मनात भरली असेल तर घ्या, भांडत नाही. फक्त टोकन द्यायच्या आधी टेप घेऊन गल्ली मोजा, दुपारी नको, रात्री दहानंतर, सगळ्यांच्या गाड्या लागलेल्या असताना.